वकील म्हणून रॉबर्ट इंगरसोल नेमका कसा होता? (उत्तर लांब झालंय, आधीच सांगतो)

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की, अमेरिकेतला रॉबर्ट इंगरसोल तुम्ही नास्तिक वक्ता म्हणून वाचलाय, पण तो वकील होता आणि राज्याचा ॲटर्नी जनरलही होता असं कुठेतरी एका ओळीत येतं आणि पुढे काहीच नाही, तर तो खरंच मोठा वकील होता की भाषणांमुळे झालेलं नाव कोर्टात चाललं, आणि धर्मावरच्या मतांमुळे त्याचं करिअर बुडालं का, आणि वाचायचंच तर कुठून सुरू करू.

मी जिल्हा कोर्टात सत्तावीस वर्षं ट्रायल साइडला आहे, फौजदारी जास्त आणि दिवाणी पोटापुरतं. इंगरसोलकडे मी नास्तिकतेच्या बाजूने आलोच नाही. ज्युनिअर असताना सीनिअरच्या ऑफिसात त्याच्या ग्रंथावलीचा एक सुटा खंड होता, ज्यात फक्त कोर्टातले युक्तिवाद आहेत, आणि तारखेची वाट बघत बसायचं असलं की मी तो वाचायचो. मग धर्मावरची भाषणं वाचली. त्यामुळे माझं मत थोडं एकांगी असणार हे धरून चाला.

माझं मत असं की तो आधी पुराव्याचा माणूस होता, वक्ता नंतर. लोक त्याची वाक्यं लक्षात ठेवतात, पण ज्युरीपुढचे युक्तिवाद सलग वाचले तर दिसतं की पानंच्या पानं तारखा, पत्रं, कोण कधी काय बोलला आणि नंतर काय बोलला, याचीच आहेत, आणि ती फुलं वगैरे अधूनमधून, ज्युरी पेंगायला लागली असेल तिथे.

आता सुरुवातीपासून. जन्म ११ ऑगस्ट १८३३, न्यूयॉर्क राज्यातलं ड्रेस्डेन नावाचं छोटं गाव. वडील जॉन इंगरसोल चर्चचे धर्मोपदेशक, कडक स्वभावाचे, आणि गुलामगिरीच्या विरोधात उघड बोलणारे, त्यामुळे एका चर्चमध्ये फार टिकायचे नाहीत, सारखी बिऱ्हाडं हलायची. आई रॉबर्ट दोन वर्षांचा असतानाच गेली. ओहायो, विस्कॉन्सिन, इलिनॉय असं फिरत मुलगा वाढला, शाळा अशी धड झालीच नाही, मग स्वतःच शाळामास्तर झाला, आणि तिथून वकिली. लॉ कॉलेज वगैरे काही नाही. तेव्हा पश्चिमेकडच्या राज्यांत कुणातरी वकिलाच्या ऑफिसात बसून पुस्तकं वाचायची, त्याची कागदपत्रं नकलून काढायची आणि मग दोन-तीन वकील किंवा जज तोंडी परीक्षा घेणार, झाला वकील. लिंकनही लॉ कॉलेजशिवायच वकील झाला. इंगरसोल इलिनॉयमधल्या मॅरियन गावात विलिस ॲलन यांच्या ऑफिसात शिकला आणि डिसेंबर १८५४ मध्ये सनद मिळाली. सोबत मोठा भाऊ इबन क्लार्क. दोघांनी शॉनीटाउनला पाटी लावली आणि १८५७ च्या सुमारास पिओरियाला आले, आणि पुढची वीस वर्षं पिओरिया हेच त्याचं गाव.

ही वीस वर्षं महत्त्वाची आहेत, कारण पिओरिया म्हणजे काही शिकागो नाही. तालुक्याच्या कोर्टात जसं सगळं करावं लागतं तसं, आज मारामारी, उद्या कर्जाची वसुली, परवा रेल्वे कंपनीचं काम. रेल्वे तेव्हा इलिनॉयभर पसरत होती आणि रेल्वेचं काम म्हणजे पैसा. आणि ज्युरी म्हणजे गावातलेच बारा लोक, ज्यांना तुम्ही काल बाजारात भेटलात. आपल्या पिढीतल्या वकिलांनी ज्युरी बघितलेलीच नाही. मुंबईत १९५९ मध्ये नानावटी खटल्यात ज्युरीने आठ विरुद्ध एक असं निर्दोष ठरवलं, जजने ते मान्य न करता प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं, आणि पुढे काही वर्षांत आपल्याकडून ज्युरी गेलीच. म्हणून इंगरसोल वाचताना आपल्याला ते अति वाटतं, हा माणूस एवढं का रंगवून सांगतोय असं. पण तो जजशी बोलतच नाहीये ना. जजला कलम सांगता येतं, बारा दुकानदार-शेतकऱ्यांना गोष्टच सांगावी लागते, आणि ती गोष्ट पुराव्याच्या बाहेर गेली की समोरचा वकील उठतो.

राजकारणात तो आधी डेमोक्रॅट. १८६० मध्ये काँग्रेससाठी उभा राहिला आणि पडला. गंमत अशी की पक्षाचा उमेदवार असूनही पळून गेलेल्या गुलामांना पकडून परत देण्याच्या कायद्यावर तो प्रचारात उघड टीका करत होता, म्हणजे तेव्हाच लक्षण दिसत होतं. मग यादवी युद्ध सुरू झालं. त्याने ११ वी इलिनॉय घोडदळ रेजिमेंट उभी करायला मदत केली आणि तिचा कर्नल झाला. कर्नल इंगरसोल हे नाव आयुष्यभर चिकटलं ते इथून. फेब्रुवारी १८६२ मध्ये इव्हा पार्करशी लग्न, एप्रिलमध्ये शायलोची लढाई, आणि १८ डिसेंबर १८६२ ला टेनेसीतल्या लेक्झिंग्टनजवळ दक्षिणेच्या नेथन बेडफर्ड फॉरेस्टच्या घोडदळाने त्याला पकडलं. घेरल्यावर इंगरसोल ओरडला की आता गोळ्या थांबवा, मी तुमच्या कॉन्फेडरसीला (म्हणजे दक्षिणेच्या फुटीर राज्यांच्या सरकारला) मान्यता देतो, असा किस्सा सांगतात, खरा असो नसो, माणसाला शोभणारा आहे. पुन्हा शस्त्र न उचलण्याच्या बोलीवर सुटका झाली, अदलाबदलीची वाट बघत काही महिने गेले आणि जून १८६३ मध्ये राजीनामा देऊन घरी. युद्धातून आला तो रिपब्लिकन होऊन.

आता ॲटर्नी जनरल. हे नाव ऐकून आपल्याला दिल्लीतलं पद आठवतं, पण तिकडे प्रत्येक राज्याचा स्वतःचा ॲटर्नी जनरल असतो, आपल्या महाधिवक्त्याच्या जवळपासचं काम, राज्याच्या वतीने वरच्या कोर्टात उभं राहणं आणि गव्हर्नर व खात्यांना कायदेशीर मत देणं. इलिनॉयमध्ये हे पद मधली बरीच वर्षं नव्हतंच, १८६७ मध्ये कायदा करून पुन्हा आणलं आणि गव्हर्नर रिचर्ड ओगल्सबीने इंगरसोलला नेमलं. १८६९ च्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे जेमतेम दोन वर्षं. आयुष्यातलं एकमेव सरकारी पद. या दोन वर्षांबद्दल फार उड्या मारण्यासारखं काही नाही, सरकारी वकिलीचं बरंचसं काम फायलीत जातं आणि फायलीतच राहतं, हे मी सहा वर्षं सहायक सरकारी वकील होतो म्हणून सांगू शकतो. मत मागवलं, मत दिलं, टपाल.

खरी गोष्ट पदानंतरची आहे, किंवा पद चालू असतानाची म्हणा. १८६८ मध्ये त्याला गव्हर्नरची उमेदवारी हवी होती. पक्षाचं अधिवेशन पिओरियालाच, म्हणजे घरचं मैदान, आणि वक्ता म्हणून त्याच्या तोडीचा राज्यात कोणी नाही. तरी उमेदवारी गेली जॉन पामरला. असं सांगतात की धर्मावर गप्प बसलास तर बघू असा निरोप आला होता आणि त्याने तो धुडकावला. शब्द नेमके काय होते ते सोडा, पण पुढचं सगळं आयुष्य त्या धुडकावण्याच्या बाजूनेच साक्ष देतं, कारण यानंतर त्याने बोलणं वाढवलंच, देव या विषयावर, मोझेसच्या चुका या विषयावर, पैसे देऊन तिकीट काढून लोक ऐकायला यायचे, त्यात चर्चला जाणारेही भरपूर.

तर तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, राजकीय करिअर बुडालं, हो, सरळ बुडालं. १८७६ चं उदाहरण घ्या. १५ जूनला सिनसिनाटीच्या रिपब्लिकन अधिवेशनात त्याने जेम्स ब्लेनचं नाव राष्ट्राध्यक्षपदासाठी मांडलं. ब्लेनवर तेव्हा रेल्वेच्या बाँडवरून शिंतोडे उडाले होते, आणि याने त्याला तुरा लावलेल्या सरदाराची उपमा दिली, ती ब्लेनला जन्मभर चिकटली. भाषण संपल्यावर त्याच संध्याकाळी मतदान झालं असतं तर ब्लेन निवडला गेला असता असं म्हणतात, पण अंधार पडला, सभा तहकूब झाली, आणि दुसऱ्या दिवशी सातव्या फेरीत हेझ निवडला गेला. त्या शरद ऋतूत इंगरसोल हेझसाठी गावोगाव फिरला. पुढच्या वर्षी त्याला जर्मनीत अमेरिकेचा राजदूत करावं अशी शिफारस इलिनॉयच्या लोकांनी केली तर धार्मिक मंडळींनी असा गदारोळ केला की त्याने स्वतःच नको म्हटलं. म्हणजे स्टेजवर हवा, खुर्चीवर नको. आपल्याकडेही प्रचाराला वक्ते कोण आणि तिकीट कोणाला हे बघितलं की यात परकं काही वाटत नाही.

पण वकिली? वकिली वाढली. आणि त्याच १८७६ मध्ये, सिनसिनाटीच्या भाषणाच्या काही आठवडे आधी, तो शिकागोत एक केस लढत होता, डॅनियल मन नावाच्या आरोपीची, म्हणून मन केस, आणि माझ्या मते वकील इंगरसोल समजून घ्यायचा तर इथून.

पार्श्वभूमी अशी. दारू गाळणाऱ्यांवर प्रत्येक गॅलनमागे कर होता. गाळणारे आणि अबकारी अधिकारी मिळून माल कमी दाखवायचे आणि वाचलेला कर वाटून घ्यायचे. १८७५ मध्ये अर्थमंत्री ब्रिस्टोने हे उघड केलं, व्हिस्की रिंग म्हणून प्रकरण गाजलं, शेकडो लोकांवर आरोप. डॅनियल मन हा अबकारी खात्यातला अधिकारी, त्याच्यावर कटात सामील असल्याचा आरोप. आणि सरकारचा मुख्य साक्षीदार कोण, तर जेकब रेहम, शिकागोचा माजी पोलीस प्रमुख, राजकारणातलं मोठं प्रस्थ, आणि स्वतःच त्या भानगडीत गळ्यापर्यंत बुडालेला. आपल्या भाषेत माफीचा साक्षीदार म्हणा.

ज्याने ज्याने फौजदारी केलीय त्याला माहितीय की माफीचा साक्षीदार उलटवायचा कसा हा प्रश्नच चुकीचा असतो. तो उलटत नाही, त्याला पाठ असतं. २०२४ पर्यंत चाललेल्या आपल्या जुन्या पुरावा कायद्यातही हा पेच होता, एक कलम म्हणायचं की गुन्ह्यातल्या साथीदाराच्या एकट्याच्या साक्षीवर शिक्षा दिली तरी ती बेकायदा नाही, आणि दुसरं म्हणायचं की ठळक मुद्द्यांवर दुजोरा असल्याशिवाय तो विश्वासाला पात्र नाही असं कोर्ट गृहीत धरू शकतं, आणि आम्ही सगळे या दोन कलमांमधल्या फटीत उभं राहून पोट भरत आलो. इंगरसोलने काय केलं, तर रेहम खोटं बोलतो हे सांगण्याआधी ज्युरीला हे दाखवलं की खरं-खोटं ठरवायला रेहमशिवाय दुसरं काही सरकारने दिलेलंच नाही. मनविरुद्ध जे जे आहे ते फिरून फिरून रेहमच्या तोंडापाशी येतं. मग रेहमला काय मिळणार आहे ते मांडलं. जो माणूस एवढी वर्षं सरकारला लुबाडत होता तोच आता सरकारच्या बाजूने शपथ घेतोय, आणि जेवढी जास्त माणसं आत पाठवेल तेवढी याची शिक्षा हलकी होणार. आणि हे सगळं झाल्यावर, अगदी शेवटी, रंग. मन सुटला.

मी हा युक्तिवाद किती वेळा वाचला असेल याची गणती नाही, आणि एकदा तर एका दरोड्याच्या केसमध्ये त्याचा क्रम जसाच्या तसा वापरला, आधी दुजोरा कुठे कुठे नाही त्याची यादी, मग फायदा कोणाला, आणि साक्षीदाराला शिव्या सर्वात शेवटी. ज्युनिअर मुलं उलटं करतात, आधी शिव्या घालतात, आणि मग जजसाहेब घड्याळाकडे बघायला लागतात.

१८७९ च्या आसपास तो वॉशिंग्टनला गेला. त्याच वर्षी भाऊ इबन गेला, जो काही वर्षं काँग्रेसचा सदस्य होता, आणि भावाच्या अंत्यविधीत रॉबर्टने केलेलं छोटंसं भाषण तिकडे अजून काढून वाचतात, बोलताना तो मध्येच कोसळून रडला. पण आपण कोर्टात राहू.

वॉशिंग्टनमधली मोठी केस म्हणजे स्टार रूट. हे नाव विचित्र आहे. जिथे रेल्वे किंवा बोट जात नाही तिथे टपाल घोड्यावर किंवा गाडीतून न्यायचं कंत्राट दिलं जायचं, आणि रजिस्टरमध्ये अशा रूटपुढे चांदण्या काढायचे, म्हणून स्टार रूट. भानगड काय होती ती आपल्याकडच्या कुठल्याही बांधकाम खात्यातल्या माणसाला एका वाक्यात कळेल, टेंडर कमी रकमेचं भरायचं आणि काम मिळालं की जादा काम दाखवून बिल फुगवायचं. आठवड्यातून एक फेरी धरून बोली लावायची, मग गावकऱ्यांच्या सह्यांचे अर्ज आणायचे की आम्हाला टपाल रोज पाहिजे, लवकर पाहिजे, आणि खात्यातला माणूस मंजुरी देणार, की रक्कम कितीतरी पट. टपाल खात्यातला बडा अधिकारी थॉमस ब्रॅडी आणि माजी सिनेटर स्टीफन डॉर्सी हे मुख्य आरोपी. डॉर्सी १८८० च्या निवडणुकीत रिपब्लिकन राष्ट्रीय समितीचा सेक्रेटरी होता, म्हणजे प्रकरण राष्ट्राध्यक्षाच्या दारापर्यंत.

पहिला खटला १८८२ मध्ये, ज्युरीने किरकोळ लोकांना दोषी धरलं आणि मोठ्यांवर एकमत होईना, जजने तो निकालच बाजूला ठेवला. दुसरा खटला डिसेंबर १८८२ ते जून १८८३. आणि यावेळी रेर्डेल नावाचा आरोपी, डॉर्सीचाच माणूस, फुटून सरकारकडे गेला. म्हणजे पुन्हा माफीचा साक्षीदार, आणि पुन्हा इंगरसोल. १४ जून १८८३ ला सगळे निर्दोष.

आता इथे मी त्याचा भक्त नाही हे सांगून टाकतो. कागदपत्रं बघता त्या कंत्राटांमध्ये काळंबेरं होतं यात फारशी शंका राहत नाही, आणि त्या काळातल्या पेपरांनी निकालाला तोंडसुख घेऊन झोडपलं. बचावाचा वकील म्हणून त्याने आपलं काम केलं, आरोपी खरा की खोटा हे ठरवणं त्याचं काम नव्हतं, हे मी कोणालाही सांगेन, मी स्वतः रोज तेच सांगतो घरी. पण त्याच्या चाहत्यांनी लिहिलेल्या चरित्रांमध्ये ही केस लोकशाहीच्या लढाईसारखी येते तेव्हा हसू येतं. तो एक चांगली फी घेणारा चांगला वकील होता आणि त्याचे अशील चांगले नव्हते, एवढंच आहे ते. यातून बाहेर एक बरी गोष्ट झाली ती अशी की या असल्या भानगडींच्या संतापात, आणि राष्ट्राध्यक्ष गारफिल्डच्या खुनानंतर, जानेवारी १८८३ मध्ये सरकारी नोकरभरतीचा पेंडलटन कायदा झाला, परीक्षा घेऊन भरती.

पण त्याच १८८३ चा ऑक्टोबर बघा. काळ्या लोकांना हॉटेल, थिएटर, रेल्वेत समान वागणूक देणारा १८७५ चा कायदा अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १५ ऑक्टोबरला रद्द केला, का तर चौदावी घटनादुरुस्ती राज्य सरकारांना बांधते, खाजगी हॉटेलवाल्याला नाही. एकट्या जस्टिस हार्लनने विरोधी निकाल दिला. आठवडाभरात, २२ ऑक्टोबरला, वॉशिंग्टनच्या लिंकन हॉलमध्ये निषेध सभा झाली, काळ्या लोकांचे नेते फ्रेडरिक डग्लस बोलले आणि त्यांच्यानंतर इंगरसोल. सुप्रीम कोर्टात प्रॅक्टिस करणारा वकील त्याच कोर्टाच्या आठवड्यापूर्वीच्या निकालाची भर सभेत चिरफाड करतो, ही गोष्ट आपल्यापैकी किती जण करतील सांगा. आणि ते भाषणही घोषणांचं नाही, जुने निकाल काढून, हेच कोर्ट गुलाम पकडून देण्याचा कायदा खाजगी माणसांवरही लागू होतो म्हणत होतं तेव्हा घटना आड आली नाही का, मालकाचा हक्क राखायला केंद्राचा हात पोचतो आणि नागरिकाचा हक्क राखायला आखूड पडतो का, या लाइनने आहे. डग्लसनेही आत्मचरित्रात त्याच्याबद्दल लिहून ठेवलंय. पिओरियात हॉटेलं काळ्या माणसाला खोली देत नसत आणि कडाक्याची थंडी, तेव्हा एका मित्राने त्यांना सांगितलं की रात्री कितीही वाजता जा, इंगरसोल दार उघडेल.

१८८५ मध्ये तो न्यूयॉर्कला गेला, आणि १८८७ मध्ये ती केस आली जी तुम्ही बहुतेक ऐकली असेल, रेनॉल्ड्सची ईशनिंदेची. चार्ल्स रेनॉल्ड्स हा आधी धर्मप्रचारक, मग नास्तिक. न्यू जर्सीतल्या बूंटन गावात त्याने तंबू लावून भाषणं सुरू केली तर गावकऱ्यांनी अंडी फेकली, तंबू फाडला. याने शांत बसायचं की नाही, तर एक पत्रक छापलं, त्यात डुकरांपुढे मोती टाकण्याचं व्यंगचित्र, आणि ते शेजारच्या मॉरिसटाउनमध्ये वाटलं. झाला गुन्हा दाखल. तंबू फाडणाऱ्यांचं काय झालं असं विचारू नका. कायदा ब्रिटिश वसाहतीच्या काळातून चालत आलेला, दोनशे डॉलरपर्यंत दंड किंवा बारा महिन्यांपर्यंत सक्तमजुरी, किंवा दोन्ही.

इंगरसोल या केसमध्ये फी न घेता उभा राहिला. वकील म्हणून मला आवडतं ते असं की रेनॉल्ड्सने पत्रक वाटलंच नाही वगैरे पळवाटा त्याने शोधल्या नाहीत, सरळ कायद्यालाच धरलं. न्यू जर्सीच्या घटनेत लिहिलंय की प्रत्येकाला कुठल्याही विषयावर मोकळेपणी बोलता, लिहिता, छापता येईल, फक्त त्या हक्काच्या गैरवापराला तो जबाबदार राहील. मग ही जुनी ईशनिंदेची तरतूद घटनेपुढे टिकते कशी? आणि गैरवापर म्हणजे काय, बहुमताला न आवडणं? (आपल्या घटनेतल्या १९(१)(अ) आणि १९(२) ची जोडी, म्हणजे बोलण्याचं स्वातंत्र्य आणि त्यावरचे निर्बंध, आठवली ना? मलाही तिथेच आठवली.) मग तो ज्युरीला म्हणाला, आशय सांगतोय, की तुमचे मिशनरी दुसऱ्या देशांत जाऊन तिथल्या लोकांच्या देवांना खोटं म्हणतात, त्या प्रत्येक देशात असाच कायदा असेल तर तुमचा प्रत्येक मिशनरी तुरुंगात. एका गावातली ईशनिंदा ही दुसऱ्या गावातली प्रार्थना.

आपल्याकडे याची आठवण काढणारे दंडसंहितेच्या कलम २९५अ चं नाव घेतात, म्हणून एक फरक सांगतो, कारण दोन्ही गोष्टी एकच समजल्या जातात. न्यू जर्सीच्या कायद्यात देवाची निंदा हाच गुन्हा होता, तक्रारदार जणू देवच. आपलं २९५अ, जे १९२७ मध्ये आलं आणि आता न्यायसंहितेत २९९ आहे, त्यात लोकांच्या एखाद्या वर्गाच्या धार्मिक भावना दुखावण्याचा हेतुपुरस्सर आणि दुष्ट इरादा सिद्ध करावा लागतो. हा इरादा सिद्ध करणं सरकारी बाजूला फार जड जातं. अर्थात सुटायच्या आधी दहा वर्षं तारखा भराव्या लागतात हा भाग वेगळा.

निकाल? हरला. हो, हीच केस तो हरला. ज्युरीने रेनॉल्ड्सला दोषी ठरवलं, पण जजने दंड केला पंचवीस डॉलर, खर्चासकट पंच्याहत्तर, आणि ते पैसे इंगरसोलने खिशातून भरले. दोनशे डॉलर आणि वर्षभराची सक्तमजुरी समोर असताना पंचवीस डॉलर, याला आमच्यात हरणं म्हणत नाहीत. युक्तिवाद नंतर पुस्तिका म्हणून छापला गेला आणि भरपूर वाचला गेला.

तो विचारस्वातंत्र्याच्या मंडळींनाही पूर्ण पटायचा नाही बरं का. टपालातून अश्लील साहित्य पाठवण्याविरुद्धचा कॉमस्टॉक कायदा पूर्ण रद्द करा असं त्याच्या संघटनेतल्या बऱ्याच जणांचं म्हणणं होतं, याचं म्हणणं की दुरुस्त करा, धार्मिक मतांविरुद्ध वापरू देऊ नका, पण अश्लीलतेची बाजू मी घेणार नाही. शेवटी १८८० मध्ये नॅशनल लिबरल लीगच्या उपाध्यक्षपदाचा राजीनामा देऊन तो बाहेर पडला. मला इथे तो कचरलेला वाटतो. माझ्या एका मित्राला तो इथेच सर्वात व्यवहारी वाटतो. आमचा वाद संपलेला नाही.

आणि आता माझी सर्वात आवडती केस, जी कोणीच वाचत नाही. मोंटाना, ब्यूट गाव, तांब्या-चांदीच्या खाणींचं. तिथला बँकवाला आणि खाणवाला अँड्र्यू डेव्हिस १८९० मध्ये मेला, अविवाहित आणि कोट्यधीश. मग आयोवामधून एक मृत्युपत्र उगवलं, तारीख १८६६ ची, सगळी इस्टेट एका भावाला. बाकीच्या नातेवाइकांनी आव्हान दिलं आणि इंगरसोलला बोलावलं, १८९१ मध्ये खटला चालला. आता यात देव नाही, स्वातंत्र्य नाही, भाषणाला वावच नाही, नुसता एक कागद. आणि तो माणूस त्या कागदावर तासन्‌तास बोलतो. अक्षरांची वळणं, शाई कसली आहे आणि ती १८६६ मध्ये मिळत होती का, आणि स्पेलिंग. ज्याने हे लिहिलं म्हणतात त्याच्या चुका वेगळ्या, आणि ज्याच्यावर बनावटीचा संशय आहे त्याच्या चुका आणि या कागदातल्या चुका जुळतात. माणूस अक्षर बदलू शकतो पण आपल्याला जे चूक आहे हेच माहीत नाही ते कसं बदलणार.

हे वाचलं होतं म्हणूनच मला एकदा फायदा झाला. एका मृत्युपत्राच्या दाव्यात समोरच्यांनी १९६९ सालचा कागद आणला होता, पिवळा पडलेला, कोपरे कुरतडलेले, साक्षीदार दोघंही मयत, सगळं कसं व्यवस्थित. हस्ताक्षर तज्ज्ञाचा अहवाल धड इकडे ना तिकडे. चार रात्री तो कागद बघत होतो आणि पाचव्या रात्री दिसलं की लिहून देणाराच्या पत्त्यात पिन कोड आहे. पिन कोड आला १९७२ च्या १५ ऑगस्टला. उलटतपासणी सात मिनिटं चालली.

ब्यूटच्या ज्युरीचं एकमत झालं नाही आणि पुढे पक्षकारांनी तडजोड केली. पण गोष्ट इथे संपत नाही, वकिलांनी पुढचं नक्की वाचावं. इंगरसोलची फी ठरली होती एक लाख डॉलर, पण काम फत्ते झालं तर. आपल्याकडे असा करार म्हणजे बार कौन्सिलच्या नियमांचा सरळ भंग, निकालावर अवलंबून फी ठरवता येत नाही, तिकडे चालतं. हातात पडले थोडे, बाकीचे राहिले. तडजोड झाली म्हणजे काम फत्ते झालं का, यावर वाद. तोपर्यंत इंगरसोल गेलाच, २१ जुलै १८९९ ला, न्यूयॉर्कजवळच्या डॉब्स फेरी गावी जावयाच्या घरी, हृदयविकाराने. अस्थी आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत. आयुष्यभर लाखो कमावले, तेवढेच वाटले आणि खर्चले, मागे फार काही ठेवलं नाही. त्याच्या बायकोने, इव्हाबाईंनी, मात्र त्या फीचा दावा सोडला नाही, तो थेट अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेला आणि १९०८ मध्ये कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, इंगरसोल विरुद्ध कोरम (कोरम हे समोरच्या पक्षकाराचं आडनाव).

वाचायला सुरुवात कुठून, तर ग्रंथावली बारा खंडांची आहे, त्याच्या मेव्हण्याने १९०० मध्ये काढलेली, आणि आता कॉपीराइट संपलाय त्यामुळे नेटवर फुकट मिळते. दहावा खंड कोर्टाचा. मन केस आधी, मग डेव्हिस मृत्युपत्र, स्टार रूट सगळ्यात शेवटी कारण ते भयंकर लांबलंय आणि मध्ये मध्ये आकड्यांनी डोकं उठतं. रेनॉल्ड्सचा युक्तिवाद या खंडात शोधू नका, तो पुढच्या खंडात आहे. इंग्रजी जुनं वाटेल, पण मोठ्याने वाचून बघा, ते बोलण्यासाठीच होतं.